रिकाम्या वाट्या: उत्तर स्वीडनच्या जंगलात रानमाश्या मोजताना

उत्तरवारा | ९ जून, रात्री ११:४०

रात्रीचे पावणेबारा होत आलेत आणि मी दिवा न लावता टंकतोय. उमेओत जूनमध्ये अंधार पडतच नाही. संध्याकाळ लांबत जाते आणि तिचीच पहाट होते.

मूळचा मी वाईचा, पोटापाण्याचं काम संगणकाचं. माशीशी जुना संबंध म्हणाल तर चौथीत असताना मेणवलीच्या वाटेवर मित्राने आग्या मोहोळाला दगड मारला होता, तेव्हा जिवाच्या आकांताने पळालो होतो तेवढाच. पण इथला हिवाळा माणसाला काय काय करायला लावतो! फेब्रुवारीत वाचनालयातल्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली: परिसरातल्या जंगलात रानमाश्या आणि गांधीलमाश्यांची पाहणी करायची आहे, स्वयंसेवक हवेत, अनुभवाची गरज नाही. उन्हाळाभर बाहेर राहायला सबब मिळाली म्हणून नाव दिलं.

आधी थोडी ओळख. रानमाश्या म्हणजे मधमाशीच्या रानात राहणाऱ्या बहिणी. स्वीडनमध्ये रानमाश्यांच्या जवळपास ३०० जाती आहेत. त्यातल्या चाळीसेक बम्बलबी, म्हणजे त्या गुबगुबीत केसाळ. बाकीच्या बहुतेक एकांड्या. राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही. एकटी मादी मातीत किंवा लाकडात भोक शोधते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते, तोंड बंद करते आणि पुढच्या भोकाकडे वळते. अगदी एकांडा शिलेदार. पाळीव मधमाशी आमच्या मोजणीत धरायची नाही.

मला तीन जागा मिळाल्यात. पहिली स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लागवडीचं रान: सगळी झाडं एका वयाची, खाली शेवाळ, दुपारीही काळोख. दुसरी विजेच्या उच्चदाबाच्या तारांखालचा पट्टा, तिथे दर काही वर्षांनी झाडं कापतात म्हणून ऊन पोचतं. तिसरी एक बंद पडलेली वाळूची खाण.

पद्धत एवढी साधी की पहिल्या दिवशी हसूच आलं. प्लास्टिकच्या वाट्या, चार पिवळ्या, चार निळ्या, चार पांढऱ्या, चमकत्या रंगाने रंगवलेल्या. त्यात पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. माशीला रंग फुलासारखा वाटतो, ती उतरते, आणि साबणामुळे पाण्याचा ताण मोडलेला असल्याने बुडते. वाट्या फुलांच्या उंचीवर खुंटीला लावायच्या. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाळणीने गाळून माल स्पिरिटच्या बाटलीत. सोबत चिठ्ठी, तीही पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. (पहिल्या बाटलीची चिठ्ठी मी बॉलपेनने लिहिली होती. तिचं काय झालं ते विचारू नका.)

गंमत पुढे आहे. ओल्या केसाळ माशीची ओळख पटवता येत नाही, केस चिकटून ती भिजल्या उंदरासारखी दिसते. म्हणून तिला साबणाच्या पाण्यात धुवायचं आणि जाळीचं झाकण लावलेल्या बरणीत घालून हेअर ड्रायरने वाळवायचं. हा विनोद नाही, जगभर असंच करतात. बायकोने तिचा ड्रायर कुलपात ठेवलाय.

आता माझं दुखणं. तारांखालच्या पट्ट्यात आणि खाणीत वाट्यांमध्ये काही ना काही मिळतंच. स्प्रूसच्या रानात तीन फेऱ्या झाल्या आणि तिन्ही वेळा शून्य. एकदा एक चिलट, तेही मोजणीबाहेरचं. समन्वयक बाईंना म्हटलं, ही जागा बदलून द्या, उगाच पाच किलोमीटर सायकल मारतोय. त्या म्हणाल्या, "शून्य लिही." मी लिहिलं. पण मन मानत नाही.

दोन प्रश्न आहेत. एक, बम्बलबीला मराठीत काय म्हणायचं? मुलगी विचारते आणि मी 'भुंगा' म्हणून वेळ मारून नेतो. दोन, परवा त्याच काळोख्या रानातून परतताना वाऱ्याने पडलेल्या एका खोडावर एक प्राणी दिसला. काळं अंग, पांढरे ठिपके, तांबूस पाय आणि मागे शरीराइतकीच लांब सुई. ती सुई त्याने लाकडात घातली, जवळपास पूर्ण. मी वीस मिनिटं उभा होतो, डासांनी रक्त प्यायलं, ते हललं नाही. हे काय होतं?

---

कांदेपोहे | १० जून, सकाळी ७:१५

वाचनखूण साठवली. ड्रायर वाचून सकाळी सकाळी चहा नाकातून आला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

देवराई | १० जून, सकाळी ९:०२

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमच्या नशिबाचा हेवा वाटतोय. वर्णनावरून ती *रिसा पर्सुआसोरिया* असणार. इक्न्युमॉन कुळातली, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या परजीवी गांधीलमाश्यांपैकी एक. आणि 'त्याने' नाही, 'तिने', कारण सुई फक्त मादीला असते. ते अंडं घालायचं नळकांडं आहे.

खोडाच्या आत हॉर्नटेल नावाच्या लाकूडपोखऱ्या माशीची अळी असते. हॉर्नटेल अंडं घालताना लाकडात एक बुरशीही सोडते. बुरशी लाकूड मऊ करते आणि अळीचं पोट भरतं. रिसा बाहेरून मिशा आपटत खोडावर फिरते आणि त्या बुरशीच्या वासावरून आतल्या अळीचा माग काढते. मग घट्ट लाकडात केसाएवढी सुई घालून थेट अळीवर अंडं. रिसाची पिल्लं त्या अळीवर वाढतात. १९२०च्या दशकाअखेरीस ती न्यूझीलंडला मुद्दाम नेली होती, तिथल्या पाइनच्या लागवडीत हॉर्नटेलचा उपद्रव झाला म्हणून.

माणसाला ती काही करत नाही. घाबरू नका, पण पुढच्या वेळी फोटो काढा.

आणि हे वाचून हसू येईल: ती तुमच्या शून्याच्या जागेत होती ना?

---

उत्तरवारा | १० जून, सकाळी ११:३०

@देवराई, अरे बापरे! हो, शून्याच्याच जागेत. पण वाटीत नव्हती ना, म्हणून नोंदवहीत शून्यच.

---

सांगलीकर | १० जून, दुपारी १:४८

वाट्यांचं वाचून ओळखीचं वाटलं. आमच्या शेडनेटमध्ये ढोबळी मिरचीला पिवळे चिकट सापळे लावतो, मावा आणि पांढऱ्या माशीसाठी. निळे सापळे फुलकिड्यांसाठी. म्हणजे तुमची विद्या आमच्या बांधावर आधीच आहे.

प्रश्न असा की तुमच्या वाटीत पिवळ्यात काय पडतं आणि निळ्यात काय? आमच्याकडे रंगावर किडा ठरतो.

---

उत्तरवारा | १० जून, दुपारी ४:१०

@सांगलीकर, एकदम नेमका प्रश्न. आणि तुमची विद्या खरंच आधीची आहे. पिवळ्या पाण्याच्या ताटलीचं तंत्र फोल्कर मोरिके या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये छापलं, ते मावा मोजण्यासाठीच. रानमाश्यांवाल्यांनी ते नंतर उचललं.

माझ्या छोट्या अनुभवात पिवळ्यात बारक्या माश्या आणि बारीक गांधीलमाश्या, निळ्यात थोड्या मोठ्या. म्हणून तिन्ही रंग एकदम ठेवतात, म्हणजे एकाच रंगाची खोड मोजणीत शिरत नाही.

---

शंकेखोर | १० जून, रात्री ८:२२

जरा थंड पाणी ओततो, रागावू नका.

आकडेमोडीच्या धंद्यात आहे म्हणून विचारतो. वाटीत शून्य आलं याचा अर्थ 'इथे माशी नाही' की 'वाटीला माशी सापडली नाही'? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिसाने तुमच्या डोळ्यांदेखत दुसरी गोष्ट सिद्ध केली. मग असल्या शून्यांची सरासरी काढून पुढे कोणीतरी 'स्प्रूसच्या लागवडीत माश्या नसतात' असं लिहिणार आणि आपण माना डोलावणार?

---

देवराई | १० जून, रात्री ९:४०

शंकेखोर, शंका रास्त आहे आणि या क्षेत्रातले लोक वर्षानुवर्षं यावरच भांडतायत. वाटीचे दोष माहीत आहेत. बारक्या माश्या जास्त पडतात, मोठ्या केसाळ कमी. शिवाय एक विचित्र गोष्ट: आजूबाजूला फुलं भरपूर असली की वाटीत कमी पडतात, कारण खरं फूल समोर असताना खोट्याकडे कोण जाईल? म्हणजे फुललेल्या माळावर वाटी रिकामी आणि उजाड जागी भरलेली असंही होऊ शकतं.

म्हणून एकट्या वाटीवर कोणी शहाणा विसंबत नाही. जाळं घेऊन ठरलेल्या रेषेवर चालायचं, वाट्या लावायच्या, मालेझ तंबू उभारायचा, लाकडात भोकं पाडलेले ठोकळे टांगायचे. एकाच जागी पुन्हा पुन्हा गेलं की 'नाही' आणि 'दिसलं नाही' यातला फरक गणिताने थोडाफार काढता येतो. त्यासाठीच शून्य लिहायचं असतं. न लिहिलेल्या फेरीवर गणित करता येत नाही.

पण रिसासाठी यातलं काहीच नीट चालत नाही. तिला खोडावरच जाऊन बघावं लागतं.

---

टिवल्याबावल्या | ११ जून, सकाळी १०:०५

मालेझ तंबू म्हणजे? इथे जंगलात तंबू ठोकून माश्यांचं स्नेहसंमेलन भरवतात का?

---

उत्तरवारा | ११ जून, दुपारी १२:२०

@टिवल्याबावल्या, जवळपास तेच. आमच्या पाहणीत असा एकच तंबू आहे आणि तो माझ्या गळ्यात पडलाय, म्हणून सांगू शकतो.

रेने मालेझ हा स्वीडिश माणूस, १८९२ चा जन्म. करवत्या माश्यांचा अभ्यासक. १९२०च्या दशकात कित्येक वर्षं कामचात्कात राहिला. प्रवासात त्याच्या लक्षात आलं की तंबूत शिरलेले कीटक वर उजेडाकडे चढतात आणि कोपऱ्यात जमतात. तिथे एखादं भोक असतं तर? मग त्याने तसा सापळा शिवून घेतला, ब्रह्मदेशातल्या मोहिमेत वापरला आणि १९३७ मध्ये त्याबद्दल लिहिलं. मधे काळ्या जाळीची उभी भिंत, वर उतरतं पांढरं छप्पर, सगळ्यात उंच टोकाला स्पिरिटची बाटली. उडता कीटक भिंतीला आपटतो, वर चढतो, बाटलीत जातो. आमिष नाही, रंग नाही. बाटलीचं तोंड उजेडाकडे, म्हणजे इथे दक्षिणेकडे ठेवायचं.

म्हातारपणी हा गृहस्थ अटलांटिस खरंच होतं म्हणून ग्रंथ लिहीत बसला, पण सापळा मात्र टिकला. स्वीडनमध्ये २००३ ते २००६ देशभर हे तंबू लावले होते. त्यात अंदाजे २ कोटी कीटक जमले, आणि त्यांची वर्गवारी करता करता लोकांचे केस पिकले.

माझ्या तंबूची कहाणी मात्र छोटी आहे. लावल्यावर आठव्या दिवशी एल्क आला आणि सरळ त्यातून चालत गेला. म्हशीएवढं जनावर, त्याला जाळी दिसली नसावी. बाटली शेवाळात, स्पिरिट सांडलेलं, दोन खुंट्या गायब. हेही वहीत लिहिलंय: 'सापळा पडला, कारण एल्क'.

---

सदाफुली | ११ जून, दुपारी ३:५५

सगळं वाचतेय, आवडतंय, पण एक खटकतं ते बोलू का? एवढ्या माश्या मारायच्या कशाला? एकीकडे माश्या कमी होतायत म्हणून गळे काढायचे आणि दुसरीकडे वाटीत बुडवायच्या. आमच्या आजीने ऐकलं असतं तर म्हणाली असती, या पापाचे धनी कोण?

---

कांदेपोहे | ११ जून, संध्याकाळी ५:१२

+१. फोटो काढून भागत नाही का?

---

देवराई | ११ जून, रात्री १०:३०

सदाफुली, हा प्रश्न मलाही पडतो, म्हणून सावकाश लिहिते.

काही जातींचं फोटोवर भागतं. पण ज्यांचं भागत नाही त्या फार आहेत. उत्तर युरोपात पांढऱ्या बुडाच्या बम्बलबींचा एक गट आहे: *ल्युकोरम*, *क्रिप्टारम*, *मॅग्नस*. जाती वेगळ्या, पण रानात उडताना बघून कोणी छातीठोक सांगू शकत नाही. शेवटी पेशीतल्या जनुकाचा तुकडा वाचावा लागतो. एकांड्या माश्यांत तर सूक्ष्मदर्शकाखाली पायाचा सांधा, नराचं जननेंद्रिय बघितल्याशिवाय उत्तर मिळत नाही. हातात नमुना नसेल तर 'काहीतरी माशी' एवढीच नोंद होते.

नुकसान किती? कोलोरॅडोत एका अभ्यासात काही जागी वर्षानुवर्षं नियमित जाळं आणि वाट्या वापरून माश्या पकडल्या आणि न पकडलेल्या जागांशी ताडून पाहिल्या. संख्येत आणि विविधतेत फरक दिसला नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. निळ्या पंख्यांचे काही सापळे बम्बलबी इतक्या ओढतात की ते वापरूच नयेत असं म्हणणारे आहेत, आणि मी त्यांच्या बाजूची आहे.

आणि वसंतातली राणी मारायची नाही म्हणजे नाही. बम्बलबीचं घरटं एका वर्षाचं असतं. हिवाळाभर जमिनीत एकटी राणी जिवंत राहते, वसंतात तीच घरटं बांधते, पहिली पिल्लं तीच वाढवते. मे महिन्यातली एक राणी म्हणजे पुढचं अख्खं घरटं.

---

उत्तरवारा | ११ जून, रात्री ११:५५

आम्हालाही तसंच बजावलंय. मेमध्ये वाट्या लावल्याच नाहीत, फक्त चालत मोजणी. विलोच्या झाडाखाली पंधरा मिनिटं उभं राहायचं. इथे वसंतात पहिलं अन्न तेच. बर्फ अजून सावलीत पडलेलं आणि विलोच्या पिवळ्या मऊ तुऱ्यांवर राण्या लोळत असतात. पारा १० अंशांवर असला तरी उडतात, कारण उडण्याआधी पंखांचे स्नायू नुसते थरथरवून स्वतःचं अंग तापवतात. स्कूटर चालू करण्यापूर्वी किक मारल्यासारखं.

आणि @सदाफुली, राखीव वनात आम्हाला काहीच पकडता येत नाही, त्यासाठी जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते. इथे कोणालाही कुणाच्याही रानात भटकायचा, करवंदांसारखी फळं तोडायचा हक्क आहे, तरी.

---

फिनिक्स | १२ जून, सकाळी ६:४०

हेलसिंकीहून. अंधार नसल्याचा विषय निघाला म्हणून सांगते. २०१० मध्ये एक छान अभ्यास प्रसिद्ध झाला होता. फिनलंडच्या उत्तरेला, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तिथे बम्बलबींच्या पाठीवर बारीक चिप लावून त्या घरट्यातून कधी बाहेर पडतात हे मोजलं. चोवीस तास उजेड असूनही त्या मध्यरात्रीच्या आसपास विश्रांती घेतात. उन्हाचा फायदा घेऊन रात्रपाळी करत नाहीत.

आम्ही आयटीवाले मात्र करतो.

---

शब्दवेडा | १२ जून, सकाळी ११:११

कोणी पहिल्या प्रश्नाकडे लक्ष देईल का? भाषेचा प्रश्न नेहमी तळाशी.

'भुंगा' चालणार नाही असं माझं मत. आपला भुंगा म्हणजे काळा, निळसर पंखांचा, लाकूड पोखरणारा. जुनी उपमा आठवा: कोरडं लाकूड कोरणारा भुंगा कोवळ्या कमळकळीत मात्र अडकतो. ही उपमा देणाऱ्याने माशी नीट पाहिली होती, लाकूड कोरणारा भुंगा आपल्या घराच्या वाशात आजही दिसतो. तो बम्बलबी नव्हे. दोघांना एकच नाव दिलं तर गोंधळ होईल.

---

देवराई | १२ जून, दुपारी १२:४५

शब्दवेडा, बरोबर. आणि नाव नाही याचं कारण सरळ आहे: सह्याद्रीत ही माशीच नाही. भारतात बम्बलबीच्या पन्नासेक जाती आहेत, पण त्या हिमालयात. थंड हवेतली माशी ती, दक्षिणेच्या पठारावर उतरली नाही. ज्या जिवाशी मराठी माणसाचा रोजचा संबंध आला नाही त्याला मराठीत नाव कसं असणार?

व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाऊन आलेल्यांनी ती पाहिली असेल. तिथे मी एकीला फुलाला उलटं लटकून गुरगुरताना पाहिलंय.

---

भटकी | १२ जून, दुपारी २:३०

पाहिलीय! घांघरियाच्या वरती. मला वाटलं कोणीतरी लोकरीचा गोंडा फेकलाय.

---

टिवल्याबावल्या | १२ जून, दुपारी २:५०

गोंडामाशी! झालं, मिटला प्रश्न. पुढचा धागा.

---

शब्दवेडा | १२ जून, दुपारी ३:२०

चेष्टेत म्हणालात, पण वाईट नाही. स्वीडिशमध्ये काय म्हणतात?

---

उत्तरवारा | १२ जून, संध्याकाळी ६:००

'हुमला'. पहिल्यांदा शेजारच्या आजी ओरडल्या, "हुमला! हुमला!" तेव्हा मी खाली वाकलो होतो, हमला समजून.

गोंडामाशी मुलीला सांगितलं. तिने दुपारपासून तेच लावून धरलंय.

---

आजोबा_७२ | १३ जून, सकाळी ५:३०

आम्ही लहानपणी कीर्तनात ऐकलेला दृष्टांत: कुंभारीण माशी अळीला आपल्या मातीच्या घरात नेते, तिच्याभोवती गुणगुणत राहते, आणि ध्यास लागून ती अळी स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडते. गुरू-शिष्याचं उदाहरण म्हणून बुवा रंगवून सांगत. आज ही रिसाची हकीगत वाचली आणि म्हटलं, बुवांनी अर्धीच गोष्ट सांगितली.

---

देवराई | १३ जून, सकाळी ८:१५

आजोबा, काय आठवण काढलीत! ज्यांनी तो दृष्टांत रचला त्यांनी आत गेलेली अळी पाहिली होती आणि बाहेर आलेली माशीही पाहिली होती. मधलं तेवढं दिसलं नव्हतं. मादी अळीला डंख मारून लुळी करते, जिवंत ठेवते म्हणजे कुजत नाही, आणि तिच्याजवळ अंडं घालते. पिल्लू तिला खाऊन मोठं होतं आणि भोक पाडून बाहेर पडतं.

बारीकसा खुलासा: भिंतीवर मातीच्या नळ्या लिंपणारी कुंभारीण कोळी भरते, आणि छोटं मडकं घडवणारी तिची चुलत बहीण अळ्या भरते. दृष्टांत मडकंवालीचा.

आणि उत्तरेच्या जंगलातही हेच चालतं, फक्त माती कमी, लाकूड जास्त. वाळलेल्या खोडात भुंगेऱ्यांनी पाडलेली भोकं रिकामी झाली की त्यात बारक्या गांधीलमाश्या बिऱ्हाड करतात. कोणी कोळी भरतं, कोणी मावा. म्हणून जंगलात उभं मेलेलं, उन्हात तापणारं झाड असणं फार मोलाचं. 'साफसफाई' केलेल्या रानात त्यांना भाड्याची खोलीच मिळत नाही.

---

फिनिक्स | १३ जून, सकाळी १०:२५

साफसफाईवरून आठवलं, जळलेलं जंगलही. २०१४ च्या उन्हाळ्यात स्वीडनच्या व्हेस्टमनलंड भागात मोठा वणवा लागला होता, सुमारे १४,००० हेक्टर. जंगलकामाच्या यंत्राची ठिणगी पडली होती. त्यातला काही भाग तसाच सोडून राखीव केलाय. मी दोन वर्षांनी गेले होते. काळी खोडं उभी आणि मधे गुलाबी फायरवीडचे पट्टे लांबपर्यंत. तिथे बोहेमियन जिरेनियम नावाचं एक निळं-जांभळं फूलही उगवलं होतं, त्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि आगीची धग लागल्यावरच फुटतं. नुसता गुंजारव ऐकू येत होता.

पूर्वी असे वणवे नियमित लागत. आता लगेच विझवतात. ऊन, राख, मोकळी वाळू आणि मेलेलं लाकूड एकत्र मिळायची जागा मग उरते ती तुमच्या विजेच्या तारांखाली आणि जुन्या खाणीत.

---

शंकेखोर | १३ जून, रात्री ९:००

हे पटलं. म्हणजे उत्तरवाऱ्यांच्या तिन्ही जागा मिळून एकच प्रश्न विचारतायत: ऊन कुठे पोचतं?

बाय द वे, २०१७ चा जर्मनीचा अभ्यास खूप गाजला होता, ६३ संरक्षित जागी २७ वर्षांत उडत्या कीटकांचं वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटलं. तोही मालेझ तंबूवरच होता ना? तेव्हा मी नाकं मुरडली होती. आज तंबू कसा चालतो ते कळल्यावर नाकं थोडी कमी मुरडतोय. तंबूला निदान रंगाची आवड नाही.

---

देवराई | १३ जून, रात्री ९:३५

हो, तोच. क्रेफेल्डच्या हौशी कीटकमंडळींनी जमवलेला माल. बाटल्या जपून ठेवल्या म्हणून पुढे तोलता आल्या.

---

सांगलीकर | २ ऑगस्ट, सकाळी ७:५०

धागा वर काढतो. उत्तरवारा, जिवंत आहात का? शून्याचं काय झालं?

---

उत्तरवारा | ३ ऑगस्ट, रात्री १०:१५

जिवंत आहे, डासांनी फक्त वजन कमी केलंय.

जुलैच्या मध्यात फायरवीड फुललं आणि तारांखालचा पट्टा गजबजला. बम्बलबींचे नर आले. ते बिचारे दिवसभर फुलावर झोपलेले असतात, घरी जायचंच नसतं. ओळखायला सोपे, चेहरा पिवळा. *हिप्नोरम* नावाची तांबड्या छातीची गोंडामाशी पक्ष्यांच्या लाकडी घरट्यात राहते हे पुस्तकात वाचलं होतं. ती आमच्याच बाल्कनीसमोरच्या पेटीत निघाली. पक्षी यंदा आलाच नव्हता.

लांब सोंडेची *कॉन्सोब्रिनस* शोधायला एक दिवस पश्चिमेला डोंगराकडे गेलो. ती जवळजवळ पूर्णपणे एकाच झाडावर, उत्तरेकडच्या जांभळ्या बचनागावर अवलंबून असते. बचनाग दिसला, फुलं दिसली, सोंड घालायला कोणी आलं नाही. परतीची बस चुकली. वहीत शून्य.

खाणीतल्या बाटल्या जूनअखेर एका प्रयोगशाळेत ओळखीसाठी पाठवल्या होत्या, अजून रांगेत आहेत. फोन केला की 'पुढच्या आठवड्यात' म्हणतात. हे ऐकून गावच्या तलाठी कार्यालयाची आठवण आली आणि बरं वाटलं.

स्प्रूसच्या रानात वाट्यांत एकूण सहा फेऱ्या, पाच शून्य. सहाव्या वेळी एक गांधीलमाशी, झुडपात टांगतं कागदी घरटं बांधणाऱ्यांपैकी. पण देवराईंनी सांगितल्यापासून मी दर वेळी त्या पडलेल्या खोडापाशी अर्धा तास बसतो. रिसा तीनदा दिसली. एकदा हॉर्नटेलही, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, बोटाएवढी. बघून मागे सरकलो हे कबूल करतो. समन्वयक बाईंना फोटो पाठवला. त्यांनी अर्जात नवीन रकाना घातला: 'वाटीबाहेर पाहिलेलं, किती मिनिटं बसून'. किती मिनिटं हे महत्त्वाचं, नाहीतर दहा मिनिटं बसणारा आणि दोन तास बसणारा एकाच पंगतीत येतात.

---

शंकेखोर | ४ ऑगस्ट, सकाळी ९:१०

त्या रकान्यासाठी बाईंना माझा नमस्कार सांगा.

---

सदाफुली | ४ ऑगस्ट, सकाळी ११:४०

आणि माझा त्या पेटीतल्या गोंडामाशीला. तिला वाटीत घालू नका म्हणजे झालं.

---

उत्तरवारा | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

शेवटची फेरी काल झाली. आता सातलाच गारठा पडतो आणि पहाटे गवतावर दव. फायरवीडचं कापूस झालं, लिंगनबेरी लाल झाल्यात. सदाफुली, पेटीला हात लावला नाही. घरटं आपोआप ओस पडलं, नव्या राण्या कुठेतरी मातीत गेल्या असतील.

वाट्या घासून पुसून परत द्यायला काढल्या तर पस्तीसच भरल्या. तीन जागांच्या छत्तीस हव्यात. स्प्रूसच्या रानातली एक पांढरी नाही. कोल्ह्याने नेली असावी, खुंटीवर दातांच्या खुणा आहेत. म्हणजे शेवटच्या फेरीत त्या जागी १२ नव्हे, ११ वाट्या होत्या. तसं लिहिलंय.